हाळीला ओ

"येतील ना मागून. आता येतील," हरेश म्हणाला आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाचच उघडून पुन्हा लावलं.

वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली सायकली आडव्या पडल्या होत्या. ठाण्या-मुंबईहून आलेली मंडळी गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखून, पाय पसरून काकड्या खात बसली होती. उतार कसला भारी होता, कोण कुठे घसरला, कुणाचे डोळे भीतीने बंद झाले होते, गप्पा अगदी रंगात आल्या होत्या. डोंगर उतरून आलेला माणूस नेहमीच जरा जास्त बोलतो. हरेशला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण तो मान डोलवत होता. त्याचं लक्ष होतं वरच्या वळणावर. तिथे कुणीच नव्हतं.

"काका, मृणालीला फारच वेळ लागतोय हो," आदर्श म्हणाला. हा त्यांच्यातला सगळ्यात जुना गडी, तिसऱ्यांदा येत होता. मृणाली त्याच्या ऑफिसातली, पहिल्यांदाच डोंगरात सायकल घेऊन आलेली.

"दिशा हाय तिच्यासंगं. माझी पोरगी शेवटच्या माणसाला टाकून एक पाऊल पुढं यायची नाय."

हे खरंच होतं. पण बोलून झाल्यावरही हरेशची नजर वरच्या वळणावरून हलली नाही.

आता हरेश म्हणजे काही जन्माचा गाईड नव्हे. वरसे गावातला साधा माणूस, उभी हयात कंपनीत कॉम्प्रेसरच्या खोलीत शिफ्ट करण्यात गेली. कामावर जायचा तो सायकलवर, सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीला जायचा तोही सायकलवर, तेसुद्धा सरळ रस्ता सोडून डोंगरातून. बायको नूतन कपाळाला हात लावायची. पुढे कंपनीने ते युनिट बंद केलं आणि हरेश घरी बसला. त्याच सुमारास वाट चुकलेली चार सायकलवाली पोरं त्याला डोंगरात भेटली. त्यांना त्याने खाली आणून सोडलं, आणि पुढच्या रविवारी ती आणखी सहाजणांना घेऊन हजर! तेव्हापासून हा धंदा. ज्या वाटेने त्याची आई डोक्यावर मोळी घेऊन उतरायची, त्या वाटेला आता ट्रेल म्हणतात आणि तिच्यावरून पडायला लोक हौसेने मुंबईहून येतात. वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकून, शिव्या घालत येतात, पण येतात.

पद्धत त्याची ठरलेली. हरेश सगळ्यांत पुढे, दिशा सगळ्यांत मागे. प्रत्येक फाट्यावर हरेश थांबणार, तोंडाशी हात धरून हाळी मारणार, "हुऽऽय!" मागून दिशाची ओ आली की समजायचं, सगळी माळ शाबूत आहे, चला पुढे. डोंगरात मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे हीच रेंज. दिशा ओ द्यायची तीही कशी, तर चांगली जाड, घोगरी, छातीतून काढलेली. कॉलेजात जाणारी नाजूक पोर आणि आवाज असा रेड्यासारखा!

"तुला बायको कोण करील गो असल्या आवाजाची?" हरेश तिला चिडवायचा.

"नको करू दे," ती म्हणायची.

मागच्या वर्षी तिनेच शिट्ट्या आणल्या होत्या, लाल रंगाच्या, गळ्यात अडकवायच्या. "पप्पा, सगळे गाईड शिट्टीच वापरतात."

"शिट्टी? आपण काय ट्रॅफिक हवालदार हाय?" म्हणून त्याने ती उडवून लावली होती. खरं कारण वेगळंच होतं. दिशा घरात नसताना त्याने ती शिट्टी तोंडात धरून जीव खाऊन फुंकली होती. परसातली कोंबडी भेदरून पळाली. हरेशला नुसता स्वतःचा श्वास ऐकू आला.

त्यानंतर सायकलचे पार्ट आणायला जातो असं नूतनला सांगून तो पेणला गेला. रोह्यात कुणी ओळखीचं भेटलं असतं, म्हणून पेण. तिथे रामवाडीत कान तपासणाऱ्या एका मॅडमने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. हा पठ्ठ्या तिचा हात हलताना बघून बटण दाबायला लागला. तिने मुकाट्याने पडदा ओढून घेतला. मग मात्र बटण तसंच राहिलं. जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत, आणि गेले ते परत येणार नाहीत, असं ती म्हणाली. मशीन लावावं लागेल. "बघू," हरेश म्हणाला. कानात मशीन लावलेल्या माणसाच्या मागून कड्याच्या वाटेने कोण येणार? पुढे चालणाऱ्याचेच कान गेले, तर मागच्यांनी काय करायचं? हे कुणाला कळलं की आपला धंदा संपला, हे त्याच्या डोक्यात असं काही घट्ट बसलं की त्याने कुणालाच सांगितलं नाही. नूतनलाही नाही, दिशालाही नाही.

आता तो आंब्याखाली उभा राहून, शेवटच्या फाट्यावर, खिंडीत, मारलेल्या हाळीला आलेली ओ पुन्हा पुन्हा आठवून बघत होता. आली होती. नक्की आली होती. जाड, घोगरी. मग?

तेवढ्यात गवताचा भला मोठा भारा वाटेने चालत आला. भाऱ्याखाली कृष्णाबाई होती. भाताची कापणी, झोडणी आटपली, शेतात वाल पेरून झाला की वाडीतली माणसं डोंगरावर गवत कापायला जातात. हिचा सगळा जन्म या डोंगरात गेलेला, आणि हरेश तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

"काय रं हऱ्या," तिने भाऱ्याखालूनच विचारलं, "मगाशी खिंडीत हाळी तुझीच ना?"

"माझीच. का?"

"मंग बरोबर. मीच ओ दिली व्हती."

हरेशच्या हातातली बाटली खाली पडली.

यात कृष्णाबाईची काहीच चूक नव्हती. या डोंगराचा रिवाजच तसा. रानात हाळी कानावर आली की ज्याला ऐकू येईल त्याने ओ द्यायची, मग हाळी कुणाची का असेना. वाट चुकलेल्याला, घाबरलेल्याला कळलं पाहिजे की रान मोकळं नाही, माणसं आहेत. हरेशला हे त्याच्या आईने शिकवलेलं. त्यानेही अशा कितीतरी अनोळखी हाळ्यांना ओ दिली होती. आणि ऐन गवताच्या दिवसांत, डोंगरभर माणसं पसरलेली असताना, त्याच हाळीवर भरवसा ठेवून तो माणसं पुढे नेत राहिला होता! ओ आली एवढंच त्याने पाहिलं. कुणाची आली, हे ओळखायला कान कुठे होते?

"काकी, दिशा दिसली काय तुला? सायकलवर? संगं एक पोरगी?"

"नाय रं बाबा. मी पलीकडच्या अंगाला व्हते."

आदर्श उठून उभा राहिला. "काका, मी येतो तुमच्याबरोबर."

"कुणी हलायचं नाय हितनं," हरेश एवढ्या जोरात ओरडला की काकडी खाणारे थांबले. मग जरा खाली येऊन म्हणाला, "तुमीबी चुकलात तर मी कुणाकुणाला शोधू? बसा. मी आलोच घेऊन."

खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला आदर्शच्या कानांची फार गरज होती. पण ते कान बरोबर असते तर गुपित उघडं पडलं असतं. माणूस असा असतो. पोटची पोर डोंगरात हरवलेली, आणि तरी हा आपली झाकली मूठ सांभाळतोय! नंतर कितीतरी दिवस हरेशला या एका गोष्टीचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

कृष्णाबाईने भारा आंब्याला टेकवला, पदर खोचला आणि ती त्याच्या मागून चालू लागली. तो सायकल टाकून धावतच निघाला होता, त्यामुळे ती बरीच मागे पडली.

पहिल्या वळणावर त्याने हाळी मारली. "हुऽऽय!"

"ओऽऽ!" डावीकडून लगेच आली. त्याचा जीव भांड्यात पडला. तो करवंदीच्या जाळ्यांतून ओरबाडत वर गेला, तर तिथे कोयता हातात घेतलेला एक बाप्या. "काय झालं?"

"दोन पोरी बघितल्या? सायकलवाल्या?"

"नाय बा."

पुढे पुन्हा हाळी. पुन्हा ओ, या वेळी वरून. धावला. गवत कापणाऱ्या दोघी बाया. पुन्हा हाळी, आता ओ दोन बाजूंनी. सगळा डोंगर त्याला ओ देत होता. प्रत्येक ओ ऐकली की वाटायचं, हीच! आणि धावत जाऊन बघावं तर भलतंच माणूस काळजीने विचारायचं, काय रे, काय झालं? वाटेवर सायकलींच्या खुणा शोधाव्यात तर सगळ्यांच्याच खुणा एकमेकींवर पडलेल्या. खिंड ओलांडून बराच वर जाऊन तो परत फिरला. खिंडीवरच्या ओढ्याच्या वळणावरून जाताना त्याने हाळी मारली होती, येताना परत मारली. तिथून कुणीच ओ दिली नाही. म्हणजे तिथे कुणी नाही, असं समजून तो पुढे धावला.

छाती भरून आली होती. कड्यावरून गेल्या असतील का? जनावर? पडली आणि डोक्याला लागलं असेल? नूतनला काय तोंड दाखवू? दिशाला सायकल शिकवली तीच त्याने, नूतन नको नको म्हणत असताना. तो मटकन एका खडकावर बसला आणि त्याला रडूच फुटलं. रडता रडता त्याच्या ध्यानात आलं, आपण जेवढी हाळी मारतोय तेवढी ही भली माणसं ओ देतायत, आणि त्या आवाजांच्या गर्दीत एखादी बारीक हाक असेल तर ती ऐकणार कोण?

तो खडकावर उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओ देऊ नका!" तो ओरडला. "माझी पोर गावत नाय! कुणीपन ओ देऊ नका! गप ऱ्हावा!"

असं त्या डोंगरात आजवर कुणी कुणाला सांगितलं नसेल. वरच्या उतारावर माणसं ताठ उभी राहिली. कोयते थांबले. कृष्णाबाई धापा टाकत खालच्या वाटेवर येऊन पोचली होती, तीही होती तिथेच थांबली.

"दिशाऽऽ!" हरेशने हाक मारली. "दिशाऽऽ!"

आणि गप्प झाला.

काहीच नाही. त्याच्या कानात आपल्याच रक्ताचा धपधप आवाज, बाकी काही नाही. त्याने डोळे मिटले, उघडले, श्वास रोखून धरला. काहीच नाही. संपलं, असं त्याला वाटलं. पोर गेली आपली.

मग त्याला दिसलं. वरच्या उतारावरच्या एका बाईने मान वळवली. तिच्या शेजारणीनेही वळवली. मग त्या कोयतेवाल्या बाप्याने. मग पलीकडच्या पठारावरच्या दोघांनी. एकेक करत सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला फिरली, ओढ्याच्या वळणाकडे, जिथून तो जाता-येता दोनदा धावत गेला होता.

"हितं खाली हाय!" कृष्णाबाई त्याच्याकडे बघून हात हलवत होती. "ओढ्यात! कवापासून बोंबलतंय पोर, तुला आयकू येत नाय काय रं?"

तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. ओढा सुकलेला, नुसते दगड. मृणाली एका दगडाला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. तिची सायकल चाक वर करून पडली होती. दिशा गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तिच्या पोटरीवर आपली ओढणी दाबून धरून होती आणि ओढणी रक्ताने भिजली होती.

"हात सोडला की रक्त येतं," दिशा म्हणाली. तिचा आवाज बसला होता, नुसती हवा निघत होती. हरेशला तिचे ओठ बघून कळलं. "म्हणून वर येता येईना. तू वरून गेलास, पप्पा. परत आलास तवापन गेलास. मला तुझी टोपी दिसत होती."

मृणाली त्याच्याकडे बघत होती. "काका, ती एवढी ओरडत होती... तुम्हाला ऐकूच नाही आलं?"

वारा होता म्हणावं, तर पानही हलत नव्हतं. हरेशने दिशाचे हात बाजूला केले, आपला पंचा काढून तिच्या ओढणीवर घट्ट बांधला, गाठ मारली.

"नाय आलं," तो म्हणाला. "मला आयकू येत नाय, ताई. बारीक आवाज तर अजिबात नाय."

वरून गवतवाली माणसं उतरून येत होती. त्यांनीही ऐकलं. एकाने बांबू तोडला, एकाने आपली चादर दिली, तिची झोळी केली आणि मृणालीला उचललं. आजारी माणसाला डोंगरातून आजही असंच उतरवतात. हरेशने पुढच्या बाजूला खांदा दिला. निरोप आधीच खाली पोचला होता, आंब्याखाली आदर्शने गाडी चालू करून ठेवली होती. रोह्याच्या दवाखान्यात टाके पडले, थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. मृणालीने जाताना दिशाचे हात कितीतरी वेळ सोडले नाहीत. हरेशला ती "येते काका" म्हणाली. परत येते म्हणाली की नुसतंच येते, ते मात्र त्याला नीट कळलं नाही.

घरी आल्यावर नूतनने आधी दोघांना पोटभर शिव्या घातल्या, मग चहा टाकला. दिशा गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करत होती. हरेश ओट्यावर येऊन बसला. बोलायचं ठरवूनच बसला होता.

"दिशा, मला कानांचं..."

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. आणि त्याला दिसावं म्हणून समोर येऊन बसली. "मला काय, आईलापन म्हायती हाय. टीव्हीचा आवाज गावभर जातो, आणि कुकरची शिट्टी झाली की नाय तुला कळत नाय."

"मंग बोलली का नायस?"

"तुला नको व्हतं ना कुणाला कळायला."

नूतन चुलीकडे तोंड करून उभी होती. हरेशला तिचे खांदे दिसत होते.

"शिट्टी तू घेतली नायस तवाच मला कळलं," दिशा सांगत होती. हळू बोलत होती, सावकाश. "मंग मी बघितलं, जाड आवाजात ओ दिली तर तुला लगेच समजतं. म्हणून मी तशी द्यायला लागले. पयल्यांदा घसा लय दुखायचा. मंग सवय झाली." ती थांबली. "आज घाबरले, पप्पा. रक्त बघून घाबरले. जाड आवाज निघेचना. तुला हाक मारायची म्हणून जेवढा जोर लावायची तेवढा आवाज बारीकच व्हायचा."

हरेश तिच्याकडे बघत राहिला. रेड्यासारखा आवाज! वर्षभर, दर रविवारी, प्रत्येक फाट्यावर. आणि तो तिला हसत होता. शेवटी तीच उठून त्याच्या शेजारी येऊन टेकली.

डोंगरावरचं गवत उतरलं. खाली वालाच्या शेंगा भरायला लागल्या. आदर्श नवी मंडळी घेऊन आला, तेव्हा हरेशने सगळ्यांना गोळा करून आधीच सांगून टाकलं, मला कमी ऐकू येतं, काय बोलायचं ते समोर येऊन बोला. दोघे एकमेकांकडे बघू लागले. बाकीच्यांनी हेल्मेट चढवली. रामवाडीच्या मॅडमकडून मशीनही आलं होतं आणि घरात ते बरं चालायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला लागल्या, नूतन पुटपुटून काय काय बोलते तेही कळायला लागलं, त्याचा फायदा झालाच असं नाही. पण सायकलवर बसलं, वारा लागला, की त्यात नुसता भोंभों आवाज व्हायचा. ते काढून त्याने खिशात ठेवलं.

पुढे दिशा गेली. त्याने तिला वाट दाखवायचा प्रश्नच नव्हता, वाट तिला पाठ होती. तिच्या मागून मंडळी एकेक करून उतारावर उतरली. सगळे दिसेनासे झाले, तेव्हा हरेशने पॅडलवर पाय ठेवला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच मागे होता. पुढे सगळ्यांच्या चाकांनी उडवलेली धूळ होती, आणि ती त्याच्या नाकातोंडात जात होती.

खिंडीच्या अलीकडे कृष्णाबाई लाकडं गोळा करत होती. तिने त्याला शेवटी येताना पाहिलं आणि ती बाजूला झाली. वळण आलं. हरेशने ब्रेक लावला, एक पाय टेकला आणि छातीतून जाड आवाज काढून ओ दिली. "ओऽऽ!"

हाळी कुणी मारलीच नव्हती. पुढून हाळी आली तरी आपल्याला कळेलच असं नाही, म्हणून दर वळणावर त्याने आधीच ओ द्यायचं ठरवलं होतं. कृष्णाबाईने इकडेतिकडे पाहिलं, विचारायला तोंड उघडलं आणि मग लाकडं बांधायला लागली. हरेश पुढच्या वळणाकडे निघाला. तिथेही त्याला थांबायचं होतं.